मुकुटाखालची बरणी

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात मी घोषणा द्यायला लागलो, की आवाज करी रोडच्या पुलापर्यंत जाई. गिरणीच्या नाटकात राजाची भूमिका कायम माझी. आणि हा राजा लालबागच्या खोलीत, पडद्याआड, बायकोकडे पाठ करून वर्षभर नुसता निजत होता! चाळिशीतच अंगानं दगा दिला. तिला काय सांगणार? "पाळी बदलली, दमलोय." "मोर्चात चालून पाय गेले." इतके संवाद मी नाटकासाठीसुद्धा कधी पाठ केले नव्हते.

शेवटी चोरासारखा गिरगावातल्या एका वैद्याकडे गेलो. त्यानं नाडी धड पाहिली नाही. डोळा मिचकावून पाकाची बरणी हातात ठेवली. सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, वर गोड दूध. काय चव होती! बरणी नाटकाच्या पेटीत, मुकुटाखाली दडवली आणि महिनाभर चाटली. ताकद राहिली बाजूला, तहान तेवढी वाढली. कळशी रिकामी करायची आणि मोरीकडे धावायचं.

एका सकाळी बायको मोरीपाशी उभी. "हयसर मुंगये कित्याक लागले? माझ्या बापाशीक असाच झालला." त्याच दुपारी मुकुटाला ऊन द्यायला तिनं पेटी उघडली. बरणी सापडली, वरच्या चिठ्ठीवरून ते पुरुषी ताकदीचं औषध आहे, तेही कळलं.

"माझ्याकडे बघूक नाय वरीसभर. मगे ही ताकद कोणासाठी?"

तिनं ट्रंक भरली. "शनिवारच्या बोटीन मी गावाक जातंय. पण आदी तुमका डॉक्टराक दाखवतंय. मगे जावा तिच्याकडे!"

परळच्या डॉक्टरांनी निळ्या औषधात माझ्या लघवीचे थेंब टाकून नळी तापवली. निळ्याचं विटकरी झालं. मधुमेह. तहान, थकवा, पायाला येणाऱ्या मुंग्या, सगळं मी हातवारे करून रंगवून सांगितलं.

"आणखी काही?"

"छे!"

बायकोनं पिशवीतून बरणी काढून टेबलावर आदळली. डॉक्टरांनी झाकण उघडलं. "यात निम्मी साखर आहे हो. कशासाठी घेत होता?"

हजारोंसमोर गर्जणारा मी. उठून बरणीचं झाकण लावू लागलो. ती दाराकडे वळली, तेव्हा कसंबसं पुटपुटलो, "वर्षभर... माझ्यानं काही होत नाही. दुसरी कुणी नाही गं."

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. "मधुमेहात नसा, रक्तवाहिन्या बिघडतात, त्यानं होतं असं. साखर आटोक्यात आली तर फरक पडेल. किती, ते आज नाही सांगता येणार. पण वर्षापूर्वी का नाही आलात?"

रस्त्यात तिनं तेच विचारलं. "ह्यां बोलाक वरीस लागला? मी आरशात बघून रडय, माझाच काय चुकला म्हणून!"

शनिवारची बोट तिच्याविना सुटली. पाक तिनं मोरीत ओतला. मुंग्यांनी आठवडाभर जत्रा भरवली. मला सुई आणि बिनसाखरेचा चहा. फरक पडला, पण पुरता नाही; राजाचा प्रवेश आजही बेभरवशाचाच. वैद्यावर मी चिडतो, पण त्याहून जास्त माझ्या या दांडग्या घशावर. एक वाक्य हवं होतं, ते वर्षभर त्याला फुटलं नाही.