दिसलं, का वाटलं?

शंकेखोर माणसं जगात ढिगानं सापडतील. पण शंकेचीच नोकरी केली, शंकेवरच पेन्शन मिळवली आणि उरलेली शंका बिनइंजिनाच्या विमानात घालून आकाशात सोडली, असा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे मामा. दौंडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची हयात गेली. काम एकच: सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की ते खरोखर ठीक आहे का, हे जाऊन बघायचं. ही सवय ते रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन यायचे. दूध उतू जायला आलं असं मामी म्हणाल्या की मामा विचारणार, "दिसलं, का वाटलं?" यवतची बस गेली असं मी म्हणालो की, "जाताना दिसली, का गेली असं वाटलं?" त्यांच्या लग्नात चर्चमध्ये 'या विवाहाला कुणाची हरकत आहे काय' असं पाळकांनी विचारलं तेव्हा मंडळी रिवाजाप्रमाणे गप्प बसली, नवरदेव मात्र मागं वळून एकेक बाक तपासत होते, असं मामी अजून सांगतात. मी शिक्रापूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर तयार मालावर 'ओके'चा शिक्का मारतो. हे कळल्यावर सोयरिकीच्या बैठकीतच त्यांनी मला विचारलं होतं, "समदे नग बघून मारता जावईबापू, का वरवरचे बघून?" मी "समदे" म्हणालो. ते खोटं होतं. पण ते मी केव्हाच पचवलं. त्यांच्याशी नंतर बोललेलं दुसरं एक खोटं मात्र पचलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

खोट्या 'ऑलराइट'चा मामांना फार तिटकारा. त्यांच्या हाताखालच्या एकानं एकदा जागेवर न जाता फोनवरूनच 'ऑलराइट' कळवलं. त्यातून काही विपरीत घडलं नाही, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. पण मामा त्या माणसाशी पुढं कधी बोलले नाहीत. त्याच्या निरोपसमारंभात हार घातला, पेढा घेतला, आणि न बोलता घरी आले. स्वतः मामांनी मात्र सिग्नलच्या एका रिलेबद्दल नुसती शंका आली म्हणून एक्स्प्रेस गाडी पाऊण तास उभी करून ठेवली होती. शंका फोल निघाली आणि वरून ठपक्याचा मेमो आला. तो मेमो त्यांनी काच लावून बैठकीच्या खोलीत टांगला. आल्यागेल्यानं विचारलं की म्हणायचे, "गाडी उभी ऱ्हायली तर शिव्या खाव्या लागत्यात. चुकून गेली तर शिव्या द्यायलाबी मानूस उरत न्हाई."

निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं सांभाळतात. मामांनी ग्लायडर उडवायला घेतले. हलक्या लाकडाचे, दोन हात फाकवले तरी मावणार नाहीत इतक्या लांब पंखांचे. रबरी नळीला दोरी बांधायची, गलोलीसारखी ताणायची, की विमान वर जाऊन दोरी सोडतं आणि तिथून पुढं सगळं वाऱ्यावर आणि खालच्या माणसाच्या हातातल्या ट्रान्समीटरवर. या वस्तूला कुणी 'रिमोट' म्हटलं की मामांचं डोकं फिरायचं. "रिमोट टीव्हीचा असतो. त्यानं चॅनल चुकला तर कुणी मरत न्हाई." खुटबावला त्यांच्या ओळखीच्या आप्पांचं रान होतं, हरभरा निघाला की ते मोकळं व्हायचं. रविवारी उपासना आटोपली की मी शिरूरहून आणि मामा दौंडहून तिथं पोचायचो. विमानांना नावं दौंडहून पुण्याकडं जाताना लागणाऱ्या स्टेशनांची, त्याच क्रमानं: पाटस, कडेठाण, केडगाव. एक पडल्याशिवाय पुढचं बांधायचं नाही. प्रत्येक विमानाची जुळणी ट्रान्समीटरच्या आठवणीत वेगळी साठवलेली असते, आणि एकदा घाईत 'केडगाव' हवेत सोडलं ते 'पाटस'च्या जुळणीवर. उजवं म्हणावं तर ते डावीकडं वळत होतं. आप्पांच्या बांधावर त्याचं सरपण झालं. आप्पा म्हणाले, "काय न्हाई ओ, वाऱ्यानं पडलं." मामा म्हणाले, "वाऱ्यानं न्हाई. माझ्यामुळं." त्या दिवसापासून ट्रान्समीटरच्या पडद्यावरच्या नावावर बोट ठेवून ते मोठ्यांदा उच्चारल्याशिवाय मैदानात दोरी ताणायला बंदी झाली. मैदानात मी जावईही राहत नसे. घरी 'जावईबापू, तुम्ही बसा' म्हणणारा माणूस तिथं 'अय, नाव वाच आधी' म्हणायचा.

पुढचं विमान 'खुटबाव'. त्याच्यासाठी नवा ट्रान्समीटर घ्यायचं ठरलं आणि दोन वर्षं तो घेतलाच गेला नाही. पुण्यात उडवणाऱ्यांकडं जाऊन मामा एकेक ट्रान्समीटर हातात धरून यायचे, दुकानदाराला घाम फोडायचे, परत यायचे. एका वहीत रकाने आखले होते. एकदा मी गेलो तर ओसरीवर बसून ते लाकडी ठोकळा दोन्ही हातांत धरून होते. आत वाळू भरून नेमकं ट्रान्समीटरएवढं वजन केलेला, वर दांड्यांच्या जागी दोन खिळे ठोकलेला. अर्धा तास धरून हात कसा राहतो ते बघत होते. मामी समोर मेथी निवडत म्हणाल्या, "परवापास्नं ह्यो ठोकळा घेऊन बसल्यात. मला तरी येवढा येळ कवा धरून बसले न्हाईत." मीही तोंडसुख घेतलं. म्हणालो, "मामा, मुलगी बघायला तुम्ही इतकी घरं पालथी घातली नव्हती." ते हसले नाहीत. ठोकळा खाली ठेवून पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात मी वही उघडली. किंमत, वजन, स्प्रिंग, स्विच, आणि शेवटच्या रकान्याला नाव होतं 'हात'. त्याच्याखाली प्रत्येक ट्रान्समीटरपुढं एकेक शब्द. जास्त. जास्त. जास्त. थोडं कमी. जास्त. मी मामींकडं पाहिलं. त्या भाजीवरची नजर न काढता म्हणाल्या, "कंपवात हाय म्हनला डॉक्टर. दीड वर्स झालं. कुनाला सांगू नका म्हनत्यात." तोंडसुख घेतलेल्या तोंडाचं काय करावं ते मला कळेना. मामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या उजव्या हातातला पेला भरलेला नव्हता, अर्धाच होता. तो नेहमीच अर्धा असायचा, हे मला तेव्हा दिसलं.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. 'खुटबाव' एकदा स्वतःच्या हातानं वर न्यायचं आणि स्वतःच्या हातानं खाली आणायचं, एवढंच मागणं होतं. त्यापुढं हात गेला तर गेला. ट्रान्समीटर आला. अंगठ्यानं हलवायच्या दांड्यांना त्यांनी कडक स्प्रिंगा बसवल्या, गळ्यात अडकवायला पट्टा शिवून घेतला आणि रोज सकाळी जुळणी करायला बसू लागले. त्या यंत्रात एक सोय असते: दांडी मध्याच्या आसपास कितीही थरथरली तरी विमानापर्यंत ती थरथर जवळजवळ पोचू द्यायची नाही. मामा दर महिन्याला तो आकडा वाढवत गेले. वाढवला की थरथर गाळली जायची, पण विमान उशिरा ऐकायचं. एका सकाळी पडद्याकडं बघत म्हणाले, "जावईबापू, थरथर गाळाया गेलो आन् आता मीच गाळला जातोय." त्यावर मी काहीतरी धीर देणारं बोललो. काय ते आठवत नाही, इतकं ते फोल होतं.

शेवटी त्यांनी शेवटची जुळणी केली. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडता येतात: एक गुरूचा, एक शिष्याचा. गुरूनं एक स्विच दाबून धरला की विमान शिष्याच्या ताब्यात. सोडला की क्षणात परत गुरूकडं. मला उडवायला शिकवलं ते असंच, आणि तेव्हा स्विच त्यांच्या बोटाखाली होता. आता नवा, दोन वर्षं पारखून घेतलेला ट्रान्समीटर त्यांनी माझ्या गळ्यात घातला, कारण गुरूचं काम त्यालाच जमणार होतं. कडक स्प्रिंगा काढून जुन्यात बसवल्या. आम्ही दोघांनी मिळून, त्यालाही तीन रविवार लागले. "सिग्नलची तार तुटली तर सिग्नल आपसूक लाल व्हाया पायजे," ते समजावत होते. "ह्ये बी तसंच. तू चक्कर येऊन पडलास तरी स्विच सुटंल आन् विमान तुझ्याकडं येईल." मी म्हणालो, "मामा, मीच चक्कर येऊन पडलो तर माझ्याकडं येऊन ते काय करणार?" ते थबकले आणि गंभीरपणानं म्हणाले, "ह्यो पॉइंट बरोबर हाय." त्यानंतर मला सकाळी पोटभर खाऊन यायची सक्ती झाली.

त्या रविवारी आप्पांनी दोरी ताणली. मी नावावर बोट ठेवून 'खुटबाव' असं ओरडलो. उजवं दाखवलं, डावं दाखवलं, ट्रान्समीटर बंद करून संपर्क तुटल्यावर विमान काय करतं तेही पाहून झालं. मी स्विच दाबून धरला, ट्रान्समीटरमधलं घड्याळ सुरू केलं आणि 'खुटबाव' वर गेलं. उसाच्या कडेला दोन घारी फिरत होत्या; गरम हवा तिथं वर चढत असते. मामांनी विमान बरोबर त्यांच्याखाली नेलं. उशिरा ऐकणारं विमान उडवायचं तर वळण लागायच्या आधीच वळावं लागतं, आणि ते त्यांनी केलं. घेर घेत विमान चढत गेलं. आप्पा म्हणाले, "आयला, घार आन् ह्ये, वळखूच येईना." मामांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मी इतका आनंदलो होतो की माझंच बोट थरथरायला लागलं.

उतरताना घात झाला. हात थरथरला नाही, अडकला. कंपवातात तसंही होतं म्हणे. अंगठा दांडीवर लाकडासारखा बसला आणि 'खुटबाव' एक पंख खाली टाकून विहिरीच्या कठड्याकडं निघालं. मी स्विच सोडला. विमान माझ्याकडं आलं, मी ते सावरलं, एक लांब फेरी घेतली आणि ढेकळांत अलगद टेकवलं. त्यानंतर मी पुन्हा स्विच दाबून धरला, जणू सोडलाच नव्हता, आणि घड्याळ थांबवलं. शेजारी मामांचे अंगठे एव्हाना सुटून दांड्यांवर चालू लागले होते. विमान टेकल्यावरही ते चालू होते.

"स्विच सोडला व्हता का?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. तुम्हीच उतरवलंत."

आता ते 'दिसलं, का वाटलं?' असं विचारणार म्हणून मी खाली मातीकडं बघत राहिलो. त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाले. माझ्या गळ्यातला ट्रान्समीटर काढून घेतला, पडदा डोळ्यांशी धरून काहीतरी पाहिलं आणि बंद केला. आप्पांच्या बायकोनं चहा आणला. नवीन पाना आणला तरी चार घरं सांगत फिरणारा हा माणूस, पण त्या उड्डाणाबद्दल कुणाकडंही चकार शब्द बोलला नाही. दमले असतील, असं मी मनाशी म्हणालो. म्हणजे मला वाटलं.

पुढचा हरभरा निघाला तेव्हा मामा खाटेला लागले होते. बोलणं जड झालं, शब्दाशब्दाला थांबावं लागायचं. मी रविवारी जात राहिलो. त्यांच्या खाटेच्या बरोबर समोर तो मेमो टांगलेला, आणि मला दर खेपेला त्याच्याखालच्या खुर्चीत बसावं लागायचं. एका रविवारी मामी उपासनेला गेल्या होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी खोटं बोललो. स्विच सोडला होता. विमान मी उतरवलं."

ते छताकडं बघत होते. तसेच बघत म्हणाले, "छप्पन्न... सेकंद."

भ्रम झाला असावा, असं मला वाटलं. त्यांनी नजर कपाटाकडं नेली. मी ट्रान्समीटर काढला, चालू केला आणि सवयीनं नावावर बोट ठेवून मोठ्यांदा 'खुटबाव' म्हणालो. पडद्याच्या पहिल्या पानावर मी चालवलेलं घड्याळ होतं: चार मिनिटं वीस सेकंद. दुसऱ्या पानावर, जे मी कधी उघडलंच नव्हतं, आणखी एक घड्याळ होतं. त्याला इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं 'जावई', आणि त्यात होते छप्पन्न सेकंद. उडायच्या आधीच त्यांनी ते त्या स्विचला जोडून ठेवलं होतं. पहिलं घड्याळ चालू असताना माझं बोट उचललं की ते चालू, दाबलं की बंद. म्हणजे त्या दिवशी मी 'तुम्हीच उतरवलंत' म्हणालो आणि पुढच्याच मिनिटाला त्यांना सगळं कळलं होतं. जन्मभर एकही खोटा 'ऑलराइट' न घेतलेल्या माणसानं माझा घेतला, 'बरं' म्हणून घेतला, आणि वर्षभर मला दर रविवारी चहा पाजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला पकडायला लावलं होतं का हे?" मी विचारलं.

मान हलली, पण ती आपोआपही हलायची, म्हणून त्यांनी शब्द जुळवले. "तुला न्हाई. माझं... किती... त्ये कळाया." नजर ट्रान्समीटरकडं नेली. "वजा कर."

मी वजाबाकी केली. "तीन मिनिटं चोवीस सेकंद, मामा. तेवढं तुमचं. घारीखालचं सगळं तुमचं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाचा एक कोपरा किंचित हलला.

"दिसलं... का... वाटलं?"

"दिसलं, मामा," मी म्हणालो. "मी तिथंच उभा होतो."

त्यांनी डोळे मिटले. उजवा हात चादरीवर आपला आपण चालूच होता. मामी येईपर्यंत मी तो हातात धरून बसलो.