गुलाबी टोपरं

आमच्या सूतगिरणीत गुलाबी हा रंग नसतो, ते नाव असतं. गिरणीत दोन जातींचं सूत निघतं, दोन्ही पांढरीशुभ्र, डोळे फाडून बघितलं तरी फरक कळत नाही. सरमिसळ होऊ नये म्हणून एका जातीच्या कापसावर आधीच गुलाबी रंग फवारतात. सहा वर्षं मी त्या सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, भरतेय. सुटी झाली की नळाखाली हात धरायचा, बोटांवरची झाक लगेच जायची. तेवढ्यावरून तरी मला अक्कल यायला हवी होती!

धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि तिनं मला बारशाला बोलावलं. दोन वर्षांचा अबोला होता, आणि चूक माझी होती. तिच्या लग्नात तिच्या सासूबाईंनी आमच्या आईला मानाची साडी नेसवली. मांडवातल्या घामानं तिचा रंग सुटला, आईची मान लाल झाली, आणि मी चारचौघांत तोंड सोडलं, "कच्च्या रंगावर बोळवण केली आमची!"

आता काहीतरी स्वतःच्या हातचं न्यावं म्हणून मुकादमाला विचारून तुटका गुलाबी धागा घेतला आणि टोपरं विणलं. धाकटीच्या सासरी घाटनांदूरला पोचेपर्यंत ते चार वेळा पिशवीतून काढून बघितलं.

बारसं झालं. टोपरं बाळाला शोभलंही. मग बाळानं त्यावर दूध ओकलं, धाकटीनं ते बादलीत बुडवलं, आणि पाणी गुलाबी झालं. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

धाकटीनं टोपरं पिळून वर काढलं. पांढरंफेक! फिकट नाही, डागाळलेलं नाही. जणू रंग त्याला कधी भेटलाच नव्हता. मी बघतच राहिले.

पुढे गिरणीत कताईवर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी उलगडून सांगितलं. या रंगाचा कण रेणूंच्या एका लांबलचक साखळीला बांधलेला असतो. इतकी मोठी साखळी धाग्याच्या आत शिरत नाही, कातडीतही नाही. वर बसते आणि पाणी आलं की उठून जाते. कापड रंगवण्याआधी ही खूण निघून जावी, म्हणून तो मुद्दाम तसाच बनवलेला. रंग टिकावा म्हणून धडपडणारी माणसं मला ठाऊक होती. जावा म्हणून एवढी बुद्धी कोणी लावली असेल, याचं अजूनही मला नवल वाटतं.

पण त्या घडीला मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सासूबाईंना एवढंच म्हणाले, "मावशी, मांडवात मी लई वंगाळ बोलले. चुकलं माझं."

बाळाचं कपाळ उजेडाकडे करून त्यांनी अंगठ्यानं पुसलं. अंगठा बघितला. बादलीत हात घालून नखंसुद्धा बघितली.

"कुटंच लागला न्हाई की गं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या साडीनं तुमच्या आईची मान रंगवली. ह्यानं लेकराला डागसुदा लावला न्हाई. असा रंग म्या जल्मात बघितला न्हाई."

टोपरं त्यांनी स्वतः झटकून दोरीवर टाकलं.

"वाळंस्तवर थांबा," त्या म्हणाल्या.

तरी निघावं म्हणून मी पिशवी घ्यायला वळले, तर ती जागेवर नव्हती. धाकटीनं ती केव्हाच आत नेऊन ठेवली होती.