सहा कंटेनर आणि काकूंचा डाव

रविवारी दुपारी शनिवार पेठेत एका घरी मी आवाज चढवून आलो. पंचवीस वर्षांपूर्वी गावाहून पुण्यात आलो तेव्हा याच घरात कॉट बेसिसवर, म्हणजे नुसती खाट भाड्याने घेऊन, राहिलो होतो. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय...

घर वसुधाकाकूंचं. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. सात वर्षांपूर्वी दृष्टी पूर्ण गेली, पण बुद्धिबळ सुटलं नाही. जगभरचे लोक फुकट खेळतात अशी एक ओपन सोर्स वेबसाइट आहे, तिथे त्या रोज दोन-तीन डाव खेळतात. स्क्रीन रीडर समोरच्याची चाल बोलून दाखवतो, उरलेला वेळ सांगतो, आणि काकू आपली चाल टाइप करतात.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. "अरे सोपान, त्या साइटवाल्यांनी काहीतरी करून ठेवलंय. समोरचा खेळला की आपोआप सांगायचं, ते बंद झालंय. बाणाची बटणं दाबत चाल शोधायची, तोवर माझा वेळ संपतो. वजीर जास्त असताना हरते रे मी!"

मग जरा थांबून म्हणाल्या, "की माझंच डोकं मंद झालंय? तसं असेल तर सोडून देते आता."

ते शेवटचं वाक्य लागलं मला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, थोडाफार कोडही लिहितो. म्हटलं, काकू, त्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे, मीच दुरुस्त करतो.

तर अशी वेबसाइट दुरुस्त करायची म्हणजे आधी ती आपल्या लॅपटॉपवर चालवायची. तिला लागणारा एकेक भाग, डेटाबेस, सर्व्हर, सगळं वेगवेगळ्या बंद डब्यांत भरलेलं असतं. त्यांना कंटेनर म्हणतात. कुणाच्याही मशीनवर चालवा, आतलं सगळं सारखंच राहतं. मला असे सहा लागणार होते.

"एक कमांड द्या, बाकी आपोआप होईल," असं सूचनांमध्ये लिहिलंय. लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणून बसवायला हवं होतं!

गुरुवारी सुट्टी होती, शुक्रवारी रजा टाकली. पाच डबे सुरू झाले, सहावा दर वेळी अर्ध्या तासाने गपकन मरायचा. एरर नाही, कारण नाही, काही नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी एक सवय लावली, लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. मी सगळं तीनदा वाचलं. या सहाव्याला किती मेमरी लागते, हे एवढ्या पानांत कुठेही नाही...

ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, "सर, ह्या वयात कशाला त्रास? नवीन लॅपटॉप घ्या." शुक्रवारी सकाळी देवापुढे हात जोडले तरी डोक्यात तेच चाललेलं. शेवटी स्वतःचीच लाज वाटली, समईची वात नीट केली आणि उठलो.

शनिवारी दुपारी बाकीचं सगळं बंद करून जवळजवळ सगळी मेमरी त्या एका कंटेनरला दिली. पंख्याचा आवाज मिक्सरसारखा... पण पट दिसला. माझ्या लॅपटॉपमध्ये आख्खी वेबसाइट!

स्क्रीन रीडर टाकून घेतला, पण तो मला सराईतपणे वापरता येत नाही. कोडला हात लावण्याआधी बिघाड काकूंनीच दाखवावा, म्हणून रविवारी लॅपटॉप घेऊन स्वारगेटला उतरलो आणि तिथून रिक्षाने त्यांच्याकडे गेलो.

काकू बसल्या. पहिली चाल टाइप केली. समोरच्याच्या वतीने मी ब्राउझरच्या दुसऱ्या खिडकीत उत्तर दिलं... आणि लॅपटॉप खणखणीत आवाजात माझी चाल बोलला. आपोआप.

काकू म्हणाल्या, "वा! केलंस की दुरुस्त."

मी काहीच केलं नव्हतं. खऱ्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं, तिथेही बोलला. मग उठून त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपाशी गेलो. आपोआप बोलण्याची स्क्रीन रीडरची सेटिंगच बंद होती.

शेजारच्या टेबलाशी त्यांचा मुलगा निखिल लॅपटॉप उघडून बसला होता. चाळिशीचा, घरूनच काम करतो. मान वर न करता म्हणाला, "हां, ते मीच बंद केलं, महिना-दीड महिना झाला असेल. आई हेडफोन लावत नाही, बेल ऐकू येत नाही म्हणते. माझ्या क्लायंट कॉलमध्ये सारखी बडबड..."

"काकूंना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? बाकीचं चालू होतं की."

तिथे माझा आवाज चढला. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. दीड महिना ही बाई स्वतःची बुद्धी चालली असं समजून बसली होती, आणि हा त्याच खोलीत रोज आठ तास बसत होता...

आवाज ऐकून आत आलेल्या काकू मात्र माझ्याकडेच वळल्या. "त्याच्यावर कशाला ओरडतोस? तू तीन दिवस खपून घरात आख्खी वेबसाइट उभी केलीस. एकदा येऊन माझा कॉम्प्युटर बघावासा वाटला नाही तुला?"

टेस्टिंगचा पहिला नियम आहे तो, तक्रार करणाऱ्याचं मशीन आधी बघा. वीस वर्षं हेच काम करतोय मी, आणि तोच विसरलो!

निखिलवरचा राग आहेच. पण घरी येताना कळलं, त्याने न विचारता बंद केलं आणि मी न विचारता दुरुस्त करायला निघालो. काकूंना नीट विचारलं दोघांनीही नाही. देवाने तेवढं तरी वेळेत दाखवलं.

सेटिंग मी निघतानाच चालू करून आलो होतो. संध्याकाळी काकूंचा फोन आला. दीड महिन्यानंतर पहिला डाव पूर्ण खेळल्या होत्या, घड्याळात चार मिनिटं शिल्लक.

"सोपान, मात झाली रे माझी! हत्तीने केली, काय सुंदर केली समोरच्याने!"

हरल्याचं इतक्या आनंदाने सांगताना मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं.