शेवंतीला इथे मम म्हणतात

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या गल्लीतल्या घराघराला आपण शेतकरी असल्याचा भास होऊ लागतो. एरवी ज्यांच्याकडे कोथिंबिरीची काडी उगवत नाही, ते लोक पोर्चच्या खांबांना मक्याची वाळकी ताटं बांधतात, पायऱ्यांवर भोपळे मांडतात, दारात गवताचा चौकोनी भारा आणून टाकतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या. पानगळीच्या ह्या सजावटीला फॉल लँडस्केपिंग म्हणतात. ते परंपरेने चालत आलेलं असतं, म्हणजे शेजारणीने केलं की आपल्यालाही करावं लागतं. मी ते बरीच वर्षं करते आणि, खोटं कशाला बोलू, चांगलं करते. भोपळे मोठ्यापासून छोट्याकडे उतरत आले पाहिजेत, केशरी शेवंतीशेजारी जांभळी हवी, पिवळी मागे. कुणी कुंडी जराशी सरकवली तरी मला कळतं आणि माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी मात्र हा सगळा खटाटोप आईसाठी होता. बाबा गेल्यावर ती सांगलीत एकटीच राहत होती. तिचं ग्रीन कार्ड झालेलं होतं. अडलं होतं ते तिचं मन. "बघते राहून," एवढंच म्हणून ती सप्टेंबरात आली आणि नोव्हेंबरचं परतीचं तिकीट तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलं. मला ती कायमची हवी होती. पण तिला काही सांगायला गेलं की ती बरोबर उलट करते. मी तिचीच मुलगी, मला हे ठाऊक नसेल तर कुणाला? म्हणून ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. लाल-पिवळी झाडं, सजलेलं दार, कोवळं ऊन, हातात चहा. बाई विरघळलीच पाहिजे.

पहिला फज्जा नर्सरीच्या फाटकातच उडाला. तिथे भलामोठा फलक होता, 'हार्डी मम्स'. आई हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. ती थांबली, चष्मा नीट केला आणि वाचलं.

"खमक्या आया?" ती म्हणाली. "त्याही सेलमध्ये?"

"आई, मम म्हणजे शेवंती. क्रिसँथेममचं शॉर्ट केलंय."

"क्रिसँथेमम!" तिचा आवाज चढला. "अगं, ह्या एका स्पेलिंगवर मी सातवीचे वर्गच्या वर्ग उभे केलेत. त्यातला एच सापडेना म्हणून पोरं रडलीत. आणि ह्यांनी सरळ मम करून टाकलं?"

मग पूर्ण वेळ ती ट्रॉलीमागून मोठमोठ्याने मराठीत शेरे मारत फिरली. ही आई भरलेली आहे, तिला घे. त्या आईला मावा पडलाय, ठेव खाली. पुढच्या रांगेत एक मराठी जोडपं होतं, ते आमच्याकडे वळून वळून बघत होतं. मी मान खाली घालून ट्रॉली ढकलली.

घरी येऊन मी दिवसभर राबले. ताटं बांधली, गवताचा भारा तिरका लावला, भोपळे उतरत्या क्रमाने मांडले आणि आईला बाहेर बोलावलं. तिने सगळीकडून नीट पाहिलं.

"कडबा आला, वैरण आली," ती म्हणाली. "गाय कधी येणार?"

"तिचा व्हिसा अडकलाय, आई," माझा नवरा म्हणाला. त्या दोघांचं भलतंच जमतं. दोघं पोट धरून हसली आणि मी केरसुणी घेऊन पायऱ्या झाडत बसले.

त्यानंतर माझ्या शेवंतीला टक्कल पडायला लागलं. रोज सकाळी एखादी कुंडी पुढच्या बाजूने हिरवी दिसायची. आधी मला हरणांचा संशय आला, इथे ती फार माजलेली आहेत. पण हरीण फक्त उमललेली फुलं खुडून कळ्या मागे ठेवत नाही. देवघरात जाऊन पाहिलं तर बाळकृष्ण हनुवटीपर्यंत माझ्या जांभळ्या शेवंतीत बुडालेला.

"आई, ती शोभेची आहे!"

"मग इथे काय अशोभनीय दिसतंय?" ती म्हणाली.

दसऱ्याला तर तिने पिवळ्या कुंड्या साफच केल्या. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती आणि आंब्याच्या पानांऐवजी मेपलची पानं घेऊन दाराला तोरण केलं. समोरच्या घरातली निवृत्त अमेरिकन बाई रस्ता ओलांडून आली आणि तोरणाचे फोटो काढून आईचा हात हातात घेऊन 'किती सुंदर, किती सुंदर' करत राहिली. माझ्या रंगसंगतीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी आतल्या आत जळले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग मधला भोपळा गेला. त्याच दिवशी चहाबरोबर घारगे होते. दोन खाऊन झाले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि लगेच दुसराही पडला. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची. आईने हा नियम मोडणं शक्य नाही. घरात पुरुष एकच. तो माझ्यासमोर बसून तिसरा घारगा खात होता.

"तू लावलीस सुरी?"

"आई म्हणाल्या नुसती टेकवा," तो म्हणाला.

माझी सगळी मांडणी मधोमध बोडकी झाली होती. पण आई त्या दिवशी जेवणावर गप्पा मारत होती, हसत होती. मी मनाशी म्हटलं, खा बाई भोपळे, तोड फुलं, पण राहा.

ऑक्टोबर सरताना एका सकाळी गारठ्याने सगळं गवत पांढरं झालं आणि शेवंत्या काळवंडून मान टाकून बसल्या. आई आणि मी शाली गुंडाळून पोर्चवर चहा घेत होतो. समोरची बाई स्वतःच्या कुंड्या रस्त्याकडेला कचऱ्यात नेऊन ठेवत होती. आम्हाला बघून ती मोठ्याने म्हणाली की आता जुन्या मम्स टाकून द्यायची वेळ झाली, सगळेच टाकतात.

आईने कप खाली ठेवला. मला म्हणाली, "ऐकलंस? थंडी पडली की जुन्या आया टाकतात इथे. रस्त्यावर."

मी हसायला गेले, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती उठून रस्त्याकडेला गेली आणि आपल्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत त्या बाईला विचारलं, टाकता कशाला, जमिनीत का लावत नाही? बाई म्हणाली, आता लावून जगत नाहीत. इतक्या उशिरा मुळं धरायला वेळच मिळत नाही. वसंतात लावल्या तर मात्र पुढचा हिवाळा काढतात.

आई परत आली, शाल सारखी केली. "बघ, तीसुद्धा तेच सांगतेय," ती म्हणाली. "तू दार सजवलंस ते कशासाठी, मला कळत नाही का? पण मी आत्ता इथे मूळ नाही धरायची गं. बाबांचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नाहीये अजून."

मला रडू फुटलं. तिने रडू दिलं. मग चहा गार झाला म्हणून मलाच ओरडली.

दुपारी घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमधून उठून खिडकीतून बघते तर ती आणि नवरा गाडी घेऊन गल्लीभर फिरत होते आणि रस्त्याकडेच्या टाकलेल्या शेवंत्या गोळा करत होते. लोकांनी खिडक्यांचे पडदे बाजूला केले होते. आमचं गॅरेज काळ्या, वाळक्या कुंड्यांनी भरून गेलं, गाडी बाहेर उभी राहायला लागली. आईने सगळ्यांच्या काड्या वीतभर ठेवून कापल्या, आणि नोव्हेंबरात जाताना विमानतळावर मला बजावलं, "महिन्यातून दोनदा जरा पाणी घालायचं. जास्त नको, कुजतील. जगल्या तर बघू."

काय बघू, ते तिने सांगितलं नाही.

तो सगळा हिवाळा मी बर्फाचे बूट घालून गॅरेजमध्ये जात होते आणि मेल्यासारख्या काड्यांना तांब्याने पाणी घालत होते. दर रविवारी फोनवर आईचा पहिला प्रश्न असायचा, "आया कशा आहेत?" मी म्हणायचे, "बऱ्या आहेत." खरं तर त्यांच्यात काही जीव आहे असं मला वाटतच नव्हतं. एकेक कुंडी उकरून बघायची, मूळ भुगा झालेलं असायचं, ती गुपचूप बाहेर टाकायची. टाकताना समोरच्या बाईने बघू नये म्हणून मी अंधार पडायची वाट बघायचे.

एप्रिलमध्ये एका कुंडीत जुन्या काडीच्या बुडाशी बोटभर हिरवं फुटलं. मी तिथूनच, मातीच्या हाताने, व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फुटलं! पण एकच. बाकी सगळ्या गेल्या गं."

तिने फोन डोळ्यांजवळ घेऊन बराच वेळ पाहिलं. "एकच पुरते," ती म्हणाली. "जावईबापू आहेत का तिथे? दे त्यांना."

नवरा फोन घेऊन ड्राइव्हवेपर्यंत गेला आणि कुजबुजायला लागला. पण त्याची कुजबूज पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते. "हो आई. नाही, तिला नाही सांगत," तो म्हणत होता. "बरं. वन वे ना? करतो बुक."

भोपळ्याच्या वेळी ह्या दोघांनी माझ्यामागे कट केला तेव्हा मी नवऱ्यावर आठवडाभर फुगून बसले होते. ह्या वेळी मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं, आणि खुरपं घेऊन दाराजवळ खड्डा खणायला लागले.