दम धरला होता

ज्या गावात नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तिथं मी साठाव्या वर्षी पाण्याखाली तरंगायला शिकत होतो. कारण माझी मुलगी. समुद्रातल्या प्रवाळांवर शिकली आणि तसलीच नोकरी चालून आली, तीही अंदमानात. दोन महिने ती विचारत होती आणि मी ‘दम धर, बघू’ म्हणून टोलवत होतो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. एकुलती एक पोर आणि काम समुद्राच्या तळाशी! शेवटी ती म्हणाली, “बाबा, एकदा पाण्याखाली कसं असतं ते बघा. मग खुशाल नाही म्हणा.”

पोहण्याच्या तलावावरचा शिकवणारा तिच्या ओळखीचा होता. त्यानं माझ्या पाठीवर हवेची टाकी, अंगात फुगणारं जॅकेट आणि कमरेला शिशाची वजनं चढवली. करायचं एवढंच, की तळाला टेकायचं नाही आणि वरही यायचं नाही, मधल्या मध्ये स्थिर राहायचं.

तीन दिवस नुसती फजिती. एकदा का फरशीवर गुडघे आपटले, की घाबरून जॅकेटात हवा भरायचो आणि बुचासारखा वर यायचो. मुळात मला पोहता येत होतं, तिथंच घोडं पेंड खात होतं. लहानपणी आमच्या करकंब गावच्या विहिरीत वडिलांनी पाठीला डबा बांधून ढकललं होतं आणि काठावरून ओरडले होते, “दम धर!” तेव्हापासून पाणी दिसलं की मी छाती भरून घेतो आणि श्वास कोंडतो.

“काका, तुमी विहिरीत शिकलाय की!” शिकवणारा हसला. “तितं दम धरायचा. हितं धरून वर आलाव तर फुफ्फुस फाटंल. श्वास चालू ऱ्हाऊ द्या, सावकाश. अन् आत घेतला की लगेच वर उचलत न्हाय. जरा वाट बघा.”

चौथ्या दिवशी मुलगी माझ्याबरोबर उतरली. फरशी जवळ येऊ लागली तसा माझा हात सवयीनं जॅकेटात हवा भरायच्या बटणाकडे गेला. तिनं मान हलवली. मी हळूच श्वास घेतला. क्षणभर काहीच झालं नाही, मग अंग आपोआप उचललं गेलं. सोडला, थोडा खाली आलो. घेतला, थोडा वर. तिनं माझ्या पोटाखाली हात धरला होता, पण लावला नव्हता. सायकल शिकवताना मी तिच्या सीटमागं असाच हात धरून पळायचो.

काठावर येऊन तोंडातली नळी काढली आणि आधी हेच बोललो, “जा तू. हो म्हणून कळवून टाक.”

ती टॉवेल घेऊन शेजारी बसली. “बाबा, कळवून आठ दिवस झाले. तुम्हाला सांगायला तेवढा दम धरला होता.”

एरवी मी भडकलोच असतो. पण तिच्या हातातला टॉवेल घेतला आणि बराच वेळ तोंड पुसत बसलो.