तुजं काय जातंय

रिहे गाव सोडलं त्या दिवशी मी घरातून दोनदा निघाले. पहिल्यांदा आईनं हातावर दही ठेवलं, डोळे पुसले, आणि मी गादी, शेगडी आणि इंद्रायणी तांदळाचं अर्धं पोतं घेऊन शेजारच्या बबनच्या टेम्पोत बसले. टेम्पो वळणापर्यंत जातोय न जातोय तोच समोरून पांढरी गाडी आली, कुणीतरी फार्महाउससाठी जागा बघायला आलेलं. आमचा रस्ता एकाच गाडीपुरता. बबन थांबला, पण माझ्या वडलांनी, आबांनीच, मागून त्याला हात केला. "घे मागं. पावनं हायेत. बाजू दिली तर आपलं काय जातंय?" टेम्पो उलटा उलटा पार दारापर्यंत आला. आई अजून उंबऱ्यात होती, तिला पुन्हा रडावं की हसावं कळेना. गाडीवाल्यानं काचसुद्धा खाली घेतली नाही. मग मी दुसऱ्यांदा निघाले, या वेळी दह्याशिवाय.

हे मी रिह्यात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय, आणि माझ्यासारख्या ज्या पोरी बाहेर पडल्या त्यांनाही. लोक अमेरिकेला जातात, मी मारुंजीला गेले. तुम्ही म्हणायचात, हे काय लांब, गाडीवर तासाभराची तर वाट. लांब आहे. माझी घरमालकीण पूर्वी भात लावायची त्याच जागेवर आता तिची चार मजली बिल्डिंग आहे. खाली मोबाइलचं दुकान, चिकन सेंटर, वर आम्ही भाडेकरू. पहिल्या दिवशी माझं पोतं बघून तिनं मूठभर तांदूळ हातात घेतला आणि नाकाशी धरला. आमच्या खाचरालापण असाच वास यायचा, म्हणाली. आता ती भाडं घेते आणि तांदूळ विकत आणते.

हिंजवडीत माझं काम लोकांच्या तक्रारी ऐकायचं. चूक कुणाचीही असो, सॉरी मी म्हणायचं. त्यात मी हुशार निघाले, कारण तयारी घरूनच झाली होती.

अनघा आमच्या टीमची लीड. काही वर्षं अमेरिकेत राहून परतलेली, आणि येताना तिनं बॅगा भरभरून स्केट्स आणलेले. जवळच्या एका सोसायटीच्या स्केटिंग रिंकवर रविवारी सकाळी तिनं बायकांना रोलर डर्बी शिकवायला घेतलं. मला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. रविवारी खोलीत बसलं की गाव आठवायचं, म्हणून गेले. पाच जणी विरुद्ध पाच जणी, गोल फिरायचं. प्रत्येक संघात एकीच्या हेल्मेटवर चांदणी. तिनं मागून येऊन समोरच्या चौघींना ओलांडायचं, जितक्यांना ओलांडेल तितके गुण. चौघींनी भिंत करून तिला अडवायचं. खांदा चालतो, कंबर चालते; हात आणि कोपर चालत नाही. बॉल कुठाय, मी विचारलं. बॉल नाहीच, अनघा म्हणाली, माणसंच आहेत.

सुरुवातीला फक्त पडायला शिकवलं. गुडघ्यावर पडायचं, मुठी मिटून, म्हणजे दुसरीच्या चाकाखाली बोटं जात नाहीत, आणि पडलं की लगेच उठायचं. उसन्या पॅडना कुबट वास. माझे गुडघे हिरवेनिळे झाले, जिना चढताना आई आठवायची. बाकीच्या जणींना खाली वाकून राहणं जमेना. मला जमायचं, आवणीत, भाताची रोपं लावताना, दिवसच्या दिवस वाकलेली पाठ ती. मला वाटलं, जिंकलं.

आणि भिंतीत उभी केल्यावर मी काय करत होते माहितेय? मागून चाकांचा आवाज आला की बाजूला होत होते. प्रत्येक वेळी. चांदणीवाली यायची आणि मी तिला वाट करून द्यायचे, शिवाय मान खाली घालून. अनघा शिट्टी वाजवून थकली. "तू तिला जागा का देतेस?" तिनं विचारलं. मी देत नाहीये, मी म्हणाले. मग तिनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. देत होते.

त्या दुपारी गुडघ्यांवर बर्फ धरून बसले असताना माझ्या ध्यानात आलं की हे माझे पाय नाहीत, हे आपल्या बांधावरचे पाय आहेत. आपल्याकडं बांधावर मागून पुरुषमाणसाची चाहूल लागली की बाईनं खाचरात उतरायचं. डोक्यावर रोपांच्या पेंढ्या असल्या तरी उतरायचं. तो रिकाम्या हातानं येत असला तरी उतरायचं. आई पोटरीभर चिखलात उभी राहायची, तो कोरड्या पायानं जायचा, मग ती मला म्हणायची, "बाजू दे गं, तुजं काय जातंय?" चालायला लागल्यापासून मी हेच शिकले. मला इतका राग आला की बर्फाची पिशवी भिंतीवर आपटली. तुम्हा सगळ्यांचा राग आला. आईचा सगळ्यात जास्त.

पुढच्या रविवारी तो राग घेऊनच रिंकवर गेले आणि पहिल्याच पोरीला कोपर हाणलं. मला बाकावर बसवलं. "राग चालेल," अनघा म्हणाली, "कोपर नाही चालणार. तू फक्त उभी राहा. तिला आदळू दे."

याच सुमारास दादाचा फोन आला. मी गाव सोडल्यावर वर्षभरात आबा वारले, तेव्हा ओढ्याकडचं खाचर आम्हा दोघा भावंडांच्या आणि आईच्या नावावर लागलं होतं. दादाला ते फार्महाउसवाल्याला द्यायचं होतं, आणि त्यासाठी माझी हक्कसोडीची सही हवी होती. आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. बहिणीला साडीचोळी करायची, पेढ्याचा पुडा द्यायचा, सही घ्यायची. आणि बहिणीनं सही नाही केली तर तिचं माहेर संपतं. एका साडीत शेत जातं, याला आपण माया म्हणतो. आईनं फोनवर तेच म्हटलं जे ती बांधावर म्हणायची. वर म्हणाली, "भाऊ तुटंल बग. तुला हितं कोन न्हाई राहायचं." त्या रात्री मी जेवले नाही. माहेर कुणाला नको असतं?

दादाला मी रविवारी रिंकवरच बोलावलं. आला, साडी आणि पेढ्यांची पिशवी घेऊन कठड्याशी उभा राहिला. बहीण हेल्मेट घालून चाकांवर फिरतेय हे बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी भिंतीत होते. मागून आवाज आला. माझे पाय हलायला लागले, मी गुडघे अजून वाकवले आणि जागेवर राहिले. चांदणीवाली येऊन आदळली आणि आम्ही दोघी पडलो. बघते तर दादाचा एक पाय कठड्याच्या आत, मला उचलायला. लहानपणी ओढ्यात घसरले की असाच धावायचा. मला रडू फुटलं असतं, पण मी मुठी मिटून आधी उठले.

खेळ थांबल्यावर कठड्याशी गेले. चाकांमुळं मी त्याच्याहून उंच झाले होते.

"लागलं का?" त्यानं विचारलं.

"लागलं. दादा, सही न्हाई करणार मी."

"आईचा तरी इचार कर."

"तिचाच करतेय."

"लई शानी झालीस मारुंजीत ऱ्हाऊन," तो म्हणाला. पेढे घेऊन गेला, साडी कठड्यावर ठेवून गेला. ती अजून तशीच आहे, घडी न मोडता.

यंदा आवणीला मला कुणी बोलावलं नाही. मी रजा टाकून गेले. आई बोलली नाही, पण पेंढी तिनं माझ्याच हातात दिली. दुपारी ओढ्याकडच्या बांधावरून आम्ही दोघी रोपं घेऊन चाललो होतो, मी पुढं, आई मागं, आणि समोरून दादा आला, रिकाम्या हातानं. रिंकपासून आमचं बोलणं बंद होतं. मागं चुबुक आवाज आला. आई खाचरात उतरली होती.

मी गुडघे वाकवले आणि उभी राहिले. दादा थांबला. मग त्यानं पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि चिखलात उतरून पलीकडं गेला.

"काय गं हे," आई म्हणाली. "बाजू दिली असतीस तर तुजं काय गेलं असतं?"

तुम्ही विचारता ना, घरी परत कधी येणार? मारुंजीची खोली भाड्याची आहे. दादाच्या घरात माझ्यासाठी चहा टाकतील की नाही, मला ठाऊक नाही. घर म्हणावं असं एवढंच उरलंय. मी पायाखालच्या जमिनीकडं बोट दाखवलं.

"हे गेलं असतं, आई."

तिनं खाली बघितलं. मग तिनं चिखलातला पाय उचलला, बांधाच्या गवताला पुसला आणि वर येऊन माझ्या मागं उभी राहिली.