वरच्या मजल्यावरची चौकशी

हॅम्बर्गमधल्या मराठी घरांतल्या हार घातलेल्या फोटोंना कुणाची धास्ती वाटत असेल, तर ती फक्त आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला त्या साठीच्या होत्या. कुणाकडे हळदीकुंकवाला आल्या की वाणाकडे ढुंकूनही न बघता थेट फोटोपुढे उभ्या राहायच्या आणि घरच्या सुनेला प्रेमाने विचारायच्या, "सासरे का गं? कसे गेले? आधी ताप आला की आधी धाप लागली?" एका घरी आजेसासऱ्यांच्या पायाला सूज होती की नव्हती, यावरून नवरा-बायकोचं असं वाजलं की बटाटेवडे तसेच गार झाले. पुढे पुढे त्या येणार म्हटलं की लोक फोटो उतरवून कपाटात ठेवायला लागले.

बाईंचा तरी काय इलाज, उद्योगच तो होता. टांझानियात तळ्याकाठच्या गावांत कितीतरी माणसं घरीच जातात, डॉक्टर नाही, दाखला नाही. कोण कशाने गेलं ते कळल्याशिवाय औषधं नि लसी कुठे पाठवायच्या ते ठरत नाही. म्हणून घरच्यांना विचारून विचारून कारण शोधायचं. बाई बरीच वर्षं तिथल्या अंगणांतून विचारत हिंडल्या आणि गुडघे गेल्यावर हॅम्बर्गला बसून तिकडून आलेल्या मुलाखतींच्या कॅसेट ऐकू लागल्या. एकाच मरणाचं कारण दोन डॉक्टर आपापलं वेगवेगळं ठरवत, आणि जुळलं नाही की फोनवर भांडत. "अहो, मलेरिया कसला? मान बघा की त्याची, कडक झालीय," असं त्या कुणा परक्या पोराबद्दल तावातावाने बोलायच्या, आणि एकीकडे पोह्यांना फोडणी. मेलेल्यांना भूतकाळ त्यांनी कधी लावलाच नाही. जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "आज घाईत आहे रे, घरी चौघं आलेत." राहायच्या एकट्या. माझ्या अंगावर काटा यायचा.

त्यात ते आवाज. पावसाळी दुपारी आमच्या छतातून एक बाई हळू बोलायची, थांबायची, पुन्हा बोलायची. भाषा कळत नसे, पण काय सांगतेय ते कळायचं. मध्येच, भर जानेवारीत, कोंबडा आरवायचा. तळमजल्यावरच्या जर्मन आजींनी इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफरवाल्टुंगकडे तक्रार केली की वर कोंबड्या पाळल्यात, आणि त्यांचा माणूस खरंच येऊन बाईंच्या पलंगाखाली बघून गेला. प्रश्न संपले तरी बाई कॅसेट बंद करत नसत. "शेवटी आम्ही विचारतो, आणखी काही सांगायचंय का? खरं ते तिथून सुरू होतं," म्हणायच्या.

माझी भीती वेगळीच होती. आमच्या घरात हाराचा फोटो नव्हता, लावायची हिंमतच झाली नव्हती. आमची मुलगी सहा महिन्यांची असताना पुण्यात गेली आणि त्यानंतर आम्ही इथे आलो. तिचा विषय निघाला की माझी बायको, प्राजक्ता, दोन-दोन दिवस जेवत नसे. म्हणून बाईंना मी दारातूनच वाटेला लावायचो.

एका शनिवारी ब्रेड घेऊन आलो, तर दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर. प्राजक्ता बोलत होती, छतातून यायचा अगदी तसल्याच आवाजात. मी दारातच थिजलो.

"टाळू फुगली होती?" बाईंनी विचारलं.

"हो."

"आणि पहाटे दूध प्यायली?"

"प्यायली. नेहमीसारखी. मग मी झोपले. मी झोपायला नको होतं."

 बाई म्हणाल्या, "मेंदूज्वर असणार. फार झपाट्याने घेरतो तो. नीट दूध प्यायली ना? मग पहाटे कुणालाच कळलं नसतं, प्राजक्ता. मलाही नाही."

प्राजक्ता टेबलावर डोकं टेकून रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर. बाईंनी तिला बाहेर नेऊन बसवलं आणि मला तिच्या खुर्चीवर. "आई-बापाला मी वेगवेगळं विचारते. नाव काय तिचं?"

कशाला उकरून काढता, असं म्हणणार होतो. तोंडून निघालं, "इरा." मग मला थांबताच येईना.

बाई पुढे टांझानियालाच गेल्या, कायमच्या. आमच्या भिंतीवर आता फोटो आहे. जेवताना आम्ही इराबद्दल बोलतो, भांडतोसुद्धा. फिरता पंखा बघून ती हसायची, असं मी म्हणतो. घाबरायची, असं प्राजक्ता म्हणते. बाई इथे असत्या तर दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं असतं.